तोटा, सूर्य आणि एक नाव : अमेरिकेतील 'डॅटसन'ची कथा (धागा)

१.
१५ जुलै २०१३ रोजी नवी दिल्लीत एका छोट्या मोटारीवरचे आवरण दूर करण्यात आले. मोटारीचे नाव होते 'गो' आणि तिच्या दर्शनी भागावरील चिन्हात शब्द होता 'डॅटसन'. चार लाख रुपयांच्या आत मिळणारी, आयुष्यातली पहिली चारचाकी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबासाठी बनवलेली ही गाडी पुढे काही वर्षे महाराष्ट्रातील रस्त्यांवरही दिसत राहिली. आज पंचविशीत असलेल्या बहुतेकांच्या आठवणीत डॅटसन एवढीच आहे : एक स्वस्त गाडी, जी आली आणि गेली.

२.
अमेरिकेत मात्र हेच नाव उच्चारले, की साठी-सत्तरीतील माणसांचे डोळे लकाकतात. तेथे या नावाने पंचवीस वर्षे संसार केला, उपहास सोसला, मान मिळवला. आणि मान शिगेला पोहोचला असताना त्याच्या मालकांनीच ते पुसून टाकले. हा धागा त्या नावाचा आहे. त्यासोबतच तो एका माणसाचाही आहे, ज्याने ते नाव परक्या मातीत रुजवले आणि ज्याला त्याच्याच कंपनीने दीर्घकाळ विस्मरणात ठेवले.

३.
आरंभ नावापासूनच करावा लागतो. १९११ मध्ये मासुजिरो हाशिमोतो या अभियंत्याने तोक्योत 'क्वाइशिन्शा' हा मोटारीचा कारखाना काढला. त्याला पैसा आणि पाठबळ देणारे तिघे होते : देन, आओयामा आणि ताकेउची. १९१४ मध्ये तयार झालेल्या गाडीला या तिघांच्या नावांची रोमन आद्याक्षरे जोडून 'डॅट' असे नाव मिळाले. जपानी भाषेत 'दात्तो' म्हणजे जीव घेऊन पळणारा ससा. वेगाची ही उपमा गाडीला शोभणारीच होती.

४.
१९३१ मध्ये याच घराण्यातून एक लहान गाडी निघाली. ती 'डॅट'ची लेक, म्हणून इंग्रजी वळणाने तिला 'डॅट-सन', म्हणजे डॅटचा पुत्र, असे नाव ठेवले गेले. पण जपानी कानाला त्यातला 'सोन' ऐकू आला आणि 'सोन' म्हणजे तोटा. धंद्याच्या दारावर 'तोटा' अशी पाटी कोण लावील? म्हणून रोमन लिपीत एक स्वर बदलण्यात आला आणि पुत्राचा सूर्य झाला. देवनागरीत दोन्ही रूपे सारखीच लिहिली जातात, त्यामुळे मराठी वाचकाच्या हे लक्षात येत नाही. परंतु एका अक्षराने तोटा टाळून सूर्य पदरात पाडून घेण्याचा हा व्यवहार जपानी व्यापारी मनाचा मासलेवाईक नमुना आहे.

५.
१९३३ मध्ये योशिसुके आयकावा या उद्योगपतीने जी मोटार कंपनी उभारली, तिचे पुढच्याच वर्षी 'निसान' असे नामकरण झाले. डॅटसन ही तिची गाडी. गंमत अशी, की या जपानी गाडीच्या बालपणावर अमेरिकेचीच छाया होती. सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला विल्यम गोरहॅम हा अभियंता निसानच्या तांत्रिक उभारणीतील मोठा आधार होता. पुढे त्याने जपानचे नागरिकत्व घेतले. १९३६ मध्ये ग्रॅहॅम-पेज या अमेरिकी कंपनीची यंत्रसामग्री विकत घेऊन निसानने योकोहामात आणली. म्हणजे पुढे अमेरिकेत जे 'आक्रमण' म्हणून गाजले, त्याची काही हत्यारे मुळात अमेरिकेतच घडली होती.

६.
महायुद्धाने सारे उद्ध्वस्त केले. त्यानंतर १९५२ मध्ये निसानने ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला आणि तिच्या गाड्या जपानात जोडत जोडत आधुनिक मोटारीचे तंत्र आत्मसात केले. १९५३ मध्ये निसानमध्ये दीर्घ आणि कडवा संप झाला. जुनी लढाऊ कामगार संघटना मोडली आणि व्यवस्थापनाशी जुळवून घेणारी नवी संघटना उभी राहिली. बँकेतून आलेले कात्सुजी कावामाता १९५७ मध्ये अध्यक्ष झाले. व्यवस्थापन आणि नवी संघटना यांच्या या युतीत कोण आत आणि कोण बाहेर, यावर पुढे अनेकांची आयुष्ये ठरली.

७.
बाहेर राहिलेल्यांपैकी एक युताका कातायामा. जन्म १९०९, शिझुओका प्रांतातला. मूळ आडनाव आसो. विवाहानंतर पत्नीच्या घराण्याचे आडनाव त्यांनी स्वीकारले, जपानात ही रीत अपरिचित नाही. केइओ विद्यापीठातून शिक्षण पूर्ण करून १९३५ मध्ये ते निसानमध्ये दाखल झाले आणि जाहिरात विभागात रमले. मोटारीवर त्यांचे निखळ प्रेम होते. गटबाजीत मात्र त्यांना गती नव्हती आणि रुचीही नव्हती. कंपनीत अशा माणसाला सहसा काढून टाकत नाहीत. त्याला दूर पाठवतात.

८.
१९५८ मध्ये ऑस्ट्रेलिया खंडाला वळसा घालणारी एक खडतर शर्यत होती. कातायामांच्या आग्रहाने निसानने तेथे दोन छोट्या डॅटसन उतरवल्या. एकीचे नाव 'फुजी', दुसरीचे 'साकुरा'. हजारो मैलांची धूळ, खडक आणि नदीपात्रे ओलांडून 'फुजी' आपल्या गटात पहिली आली. जपानी मोटारीने परदेशातील शर्यतीत मिळवलेल्या आरंभीच्या यशांपैकी हे एक. संघाचे नेतृत्व करणाऱ्या कातायामांचे मायदेशी जंगी स्वागत झाले. १९६० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांची रवानगी लॉस एंजेलिसला झाली. ही बढती होती की पाठवणी, याचे उत्तर तोक्योतील कोणीही मोठ्याने दिले नाही.

९.
अमेरिकेत तोवर जपानी मोटारीची शोभाच झाली होती. १९५८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आयात मोटारींच्या प्रदर्शनात डॅटसन झळकली होती. पण तिचे एक लिटरचे इंजिन जेमतेम ३७ अश्वशक्तीचे. जपानच्या खाचखळग्यांसाठी ती दणकट बांधली होती, म्हणून जड होती. कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर प्रवेश करताना मागून साठ-सत्तर मैलांच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या प्रवाहात सामील होणे तिला झेपत नसे. शिवाय थंड प्रदेशात सकाळी इंजिन सुरू होण्याची मारामार.

१०.
टोयोटाची अवस्था निराळी नव्हती. १९५७ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवून तिने 'टोयोपेट क्राउन' आणली. १९५८ साली अवघ्या २८७ टोयोपेट खपल्या आणि एक लँड क्रूझर. तोक्योच्या टॅक्सीवाल्यांनी वाखाणलेली ही गाडी अमेरिकी महामार्गावर धापा टाकू लागली आणि १९६० च्या अखेरीस टोयोटाने ती मागे घेतली. त्या काळी आयात गाडी म्हणजे जर्मन 'बीटल' असे समीकरण होते. 'जपानी माल' हा शब्दप्रयोग खेळणी आणि कचकड्याच्या वस्तूंसाठी वापरला जाई.

११.
सप्टेंबर १९६० मध्ये निसानची अमेरिकी उपकंपनी स्थापन झाली. पश्चिमेचा मुलूख कातायामांकडे आणि पूर्वेचा सोइची कावाझोए यांच्याकडे आला. प्रतिष्ठित मोटारविक्रेते या गाडीला दारात उभे करायला तयार नव्हते. मग कातायामा वापरलेल्या गाड्या विकणाऱ्यांकडे, छोट्या गॅरेजवाल्यांकडे गेले. त्यांचे सूत्र सरळ होते : विक्रेत्याच्या हाती आधी पैसा पडला पाहिजे, कंपनीच्या हाती आपोआप पडेल. नाव नसलेली माणसे आणि नाव नसलेली गाडी यांची अशी सोयरीक जमली. त्यांतले कित्येक पुढे श्रीमंत झाले आणि कातायामांना ते आदराने 'मिस्टर के' म्हणू लागले.

१२.
आरंभीच्या काळात डॅटसनला खऱ्या अर्थाने तारले ते छोट्या पिकअप ट्रकने. अमेरिकी ट्रक अवाढव्य असत. माळी, सुतार, छोटा शेतकरी यांना तेवढ्या धुडाची गरज नसे. दक्षिण कॅलिफोर्नियात बागकामाच्या धंद्यात जपानी वंशाचे लोक फार मोठ्या संख्येने होते. १९४२ नंतर याच समाजातील सुमारे १,२०,००० माणसांना, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक असूनही, काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले होते. सुटून आल्यावर अनेकांच्या हाती कात्री आणि गवत कापण्याचे यंत्र एवढेच उरले होते. छोटा ट्रक अशाच कष्टाच्या कामांसाठी होता. डॅटसनचा अमेरिकेतील पाया दिमाखाच्या दालनात घातला गेला नाही. तो अशा श्रमाच्या रस्त्यांवर घातला गेला.

१३.
त्यातच एक विचित्र संकट आले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांच्या मांसावर जकात वाढवली, तेव्हा प्रत्युत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. रोख जर्मन गाड्यांवर होता, घाव जपानी ट्रकांवरही बसला. त्यावरची तोडही तितकीच विलक्षण निघाली. मागचा हौदा न जोडलेला ट्रक 'अपूर्ण' ठरे आणि त्यावर ४ टक्केच कर लागे. मग जपानी कंपन्या ट्रक आणि हौदा वेगवेगळे आणून अमेरिकेच्या बंदरापाशी जोडू लागल्या. ही पळवाट १९८० पर्यंत खुली होती. कोंबडीच्या नावाने ओळखला जाणारा तो कर मात्र नंतरही टिकून राहिला.

१४.
कातायामा तोक्योला सतत कळवत राहिले : इंजिन मोठे हवे, ब्रेक चांगले हवेत, हीटर चालला पाहिजे, आरशाचा आकार बदला. मुख्यालयाला या मागण्या म्हणजे तक्रारखोर माणसाची कुरकुर वाटे. येथेच या कथेचा खरा पेच आहे. बाजार कोणाला कळतो? जो ग्राहकाच्या शेजारी बसून गाडी चालवतो त्याला, की जो दहा हजार किलोमीटरवर बसून मंजुरी देतो त्याला? इतिहासातील अनेक साम्राज्ये याच प्रश्नावर अडखळली आहेत. सुभेदाराचे पत्र आणि राजधानीचा हुकूम यांत नेहमीच एक अंतर असते. त्या अंतरात कधी मुलूख जातो, कधी माणूस.

१५.
१९६५ मध्ये कातायामा संपूर्ण अमेरिकी उपकंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांना हवी तशी गाडी १९६७ च्या उत्तरार्धात तयार झाली : जपानात 'ब्लूबर्ड', अमेरिकेत 'डॅटसन ५१०'. तोक्यो लहान इंजिनावर अडून होती, कातायामांनी १.६ लिटरच्या इंजिनाचा हट्ट धरला आणि मिळवला. ९६ अश्वशक्ती, पुढे डिस्क ब्रेक आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. ही वैशिष्ट्ये तेव्हा बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या युरोपीय गाडीत सापडत. डॅटसनची किंमत मात्र दोन हजार डॉलरच्या आत.

१६.
या गाडीने अमेरिकी तरुणांना एक नवी गोष्ट शिकवली : स्वस्त गाडी चालवण्यातही आनंद असू शकतो. तिला शर्यतीच्या मैदानावर नेले पीटर ब्रॉक या संघचालकाने. त्याच्या संघाकडून जॉन मॉर्टन या चालकाने १९७१ आणि १९७२ अशी सलग दोन वर्षे ट्रान्स-ॲम मालिकेतील अडीच लिटरच्या गटाचे विजेतेपद जिंकले. पराभूतांत अल्फा रोमिओसारखी घरंदाज नावे होती. दहा-बारा वर्षांपूर्वी जी गाडी महामार्गावर शिरताना दम टाकत होती, तिच्या वंशजाने युरोपच्या सरदारांना त्यांच्याच खेळात हरवले.

१७.
आता त्या गाडीकडे वळू, जिच्यामुळे हे नाव दंतकथा झाले. कातायामांना अशी स्पोर्ट्स कार हवी होती, जी दिसायला देखणी असेल, धावायला चपळ असेल आणि शाळामास्तरालाही परवडेल. निसानच्या आरेखन विभागात योशिहिको मात्सुओ आणि त्यांचे सहकारी अशाच स्वप्नावर काम करत होते. लांब नाक, आखूड मागचा भाग, आत दोनच आसने आणि नाकाखाली सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन. जपानात मात्र ही गाडी मुख्यत्वे दोन लिटरच्या इंजिनासह विकली जाणार होती.

१८.
प्रश्न उभा राहिला तो नावाचा. अध्यक्ष कावामातांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' हे संगीतनाट्य पाहिले होते आणि त्यावरून निसानच्या स्पोर्ट्स कारना 'फेअरलेडी' हे नाव पडले होते. जपानी कानाला ते नाजूक आणि उच्चभ्रू वाटे. अमेरिकी तरुण मात्र 'गोरी ललना' या अर्थाच्या नावाची स्पोर्ट्स कार घेऊन मित्रांत मिरवणार नाही, हे कातायामा जाणून होते. असे सांगतात, की पहिल्या गाड्या बंदरावर उतरल्या तेव्हा त्यांनी 'फेअरलेडी'ची चिन्हे उपटून काढली आणि त्या जागी कंपनीच्या अंतर्गत वापरातील संकेत बसवला : '२४०झेड'. धन्याच्या आवडीचे नाव चाकराने बदलले. गाडी तुफान खपली, म्हणून हे खपले.

१९.
ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल पिएरमध्ये २४०झेड अमेरिकेपुढे आली. किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर. ज्या जॅग्वार ई-टाइपशी तिची तुलना होऊ लागली, तिच्यासाठी पाच हजारांहून अधिक मोजावे लागत आणि पोर्शे ९११ त्याहूनही दूर होती. ब्रिटिश स्पोर्ट्स कार पावसात बंद पडण्यासाठी प्रसिद्ध होत्या. झेड रोज सकाळी सुरू होई. विक्रेत्यांकडे प्रतीक्षायाद्या लागल्या. १९७८ पर्यंत २४०, २६० आणि २८० या तीन अवतारांत मिळून पाच लाखांहून अधिक झेड तयार झाल्या आणि त्यांतील फार मोठा वाटा अमेरिकेत गेला. ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या अमेरिकी बाजारपेठेला ओहोटी लागण्याच्या कारणांत झेडचे नाव घेतल्यावाचून चालत नाही.

२०.
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. पेट्रोल पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या आणि आठ सिलिंडरच्या अमेरिकी गलबतांकडे लोक संशयाने पाहू लागले. त्याच सुमारास डॅटसनची छोटी '१२००' इंधन-बचतीच्या सरकारी यादीत आघाडीवर होती आणि तिची वारसदार 'बी २१०' बाजारात येत होती. 'डॅटसन सेव्ह्ज', म्हणजे डॅटसन पैसा वाचवते, हे दोन शब्दांचे घोषवाक्य घरोघरी पोहोचले. संकट आले तेव्हा योग्य गाडी तयार होती, हे दैव खरे. परंतु तेरा वर्षांची पायपीट पाठीशी नसती, तर ते दैव दारावरून पुढे निघून गेले असते.

२१.
१९७७ मध्ये कातायामांना तोक्योने परत बोलावले. अमेरिकेत ते यशाच्या शिखरावर होते. जपानात परतल्यावर त्यांच्यासाठी साजेसे पद नव्हते. मुख्य कंपनीच्या संचालक मंडळात त्यांना कधीच स्थान मिळाले नव्हते. ज्या युतीने त्यांना दूर धाडले होते, तिची स्मृती दीर्घ होती. परदेशात जिंकणारा सेनापती राजधानीला नेहमीच थोडा अडचणीचा वाटतो. ही गोष्ट पेशवाईच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कातायामांनी जाहीर कडवटपणा दाखवला नाही. ते निवृत्त झाले.

२२.
आता काळ पालटला होता. डेट्रॉइटमधील कारखाने बंद पडत होते, लाखो कामगार घरी बसले होते आणि रोष जपानी गाड्यांवर निघत होता. मे १९८१ मध्ये जपानने वर्षाला १६,८०,००० मोटारींची निर्यातमर्यादा 'स्वेच्छेने' स्वीकारली. १९ जून १९८२ च्या रात्री डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणावर मोटार उद्योगाशी संबंधित दोघांनी हल्ला केला. चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. राज्य न्यायालयाने हल्लेखोरांना तीन वर्षांची परिवीक्षा आणि तीन हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. आशियाई वंशाच्या अमेरिकनांची आधुनिक नागरी हक्क चळवळ या निकालाच्या संतापातून आकाराला आली. मोटारींच्या विक्रीचे आलेख वाचताना त्या रेषांखाली एक देह आहे, हे विसरता येत नाही.

२३.
निसानचे उत्तर होते अमेरिकेतच कारखाना. फेब्रुवारी १९८१ मध्ये टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे भूमिपूजन झाले, तेव्हा बांधकाम संघटनांच्या कामगारांनी घोषणा देत निदर्शने केली. कारखान्याचे प्रमुख नेमले गेले ते फोर्डमध्ये आयुष्य घालवलेले मार्व्हिन रन्यॉन. जून १९८३ मध्ये तेथून पहिले वाहन बाहेर पडले आणि ते होते पिकअप ट्रक. ज्या ट्रकने दोन दशकांपूर्वी पाया घातला, ज्याच्यावर कोंबडीचा कर बसला, तोच आता टेनेसीच्या कामगारांच्या हातून अमेरिकी होऊन निघाला. १९८९ मध्ये याच कामगारांनी मोटार कामगार संघटनेला प्रवेश देण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, त्याचा हा आणखी एक पुरावा.

२४.
आणि याच धामधुमीत नाव गेले. १९८१ मध्ये निसानने जाहीर केले, की जगभर एकच नाव राहील : निसान. अध्यक्ष ताकाशी इशिहारांच्या काळातला हा निर्णय. कारण तर्कशुद्ध होते. कंपनीचे नाव एक आणि गाडीचे दुसरे, हा गोंधळ नको. काही वर्षे गाड्यांवर दोन्ही नावे नांदली. विक्रेत्यांच्या पाट्या बदलल्या, जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतले गेले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत 'डॅटसन' दिसेनासे झाले. आरंभी अमेरिकेत 'डॅटसन' हे नाव पुढे केले गेले, त्यामागे एक समजूत अशीही सांगितली जाते, की गाडी फसली तर निसानच्या नावाला बट्टा लागू नये. गाडी फसली नाही. तरी नाव गेलेच.

२५.
नाव बदलल्याने निसान बुडाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सेंट्रा आणि मॅक्झिमा खपल्या. १९८९ मध्ये उंची ग्राहकांसाठी 'इन्फिनिटी' आली. तिच्या पहिल्या जाहिरातींत गाडी नव्हतीच, होते खडक, झाडे आणि पाणी. १९९२ मध्ये स्मर्ना येथे 'अल्टिमा'चे उत्पादन सुरू झाले. परंतु ग्राहकाच्या मनात टोयोटा म्हणजे भरवसा, होंडा म्हणजे हुशार अभियांत्रिकी, मग निसान म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा शब्द कंपनीने स्वतःच पुसला होता. १९९६ मध्ये महागलेली आणि जड झालेली झेड अमेरिकेतून मागे घेण्यात आली. १९९९ मध्ये कर्जात रुतलेल्या निसानला फ्रान्सच्या रेनोचा हात धरावा लागला.

२६.
दरम्यान, पुसलेली माणसे परत येऊ लागली होती. १९८६ मध्ये डेव्हिड हॅल्बरस्टॅम या अमेरिकी पत्रकाराने फोर्ड आणि निसान यांची समांतर कथा सांगणारा 'द रेकनिंग' हा ग्रंथ लिहिला आणि कातायामांचे नाव पुन्हा चर्चेत आले. १९९६ मध्ये निसानच्याच अमेरिकी जाहिरातींत एक हसरा वृद्ध जपानी गृहस्थ दिसू लागला. तो कातायामांवरूनच बेतलेला होता. पाठोपाठ कंपनीने जुन्या २४०झेड विकत घेतल्या, त्या नव्यासारख्या करून पुन्हा विकल्या. नव्या गाडीत जे सापडत नव्हते, ते जुनीत शोधण्याची ही धडपड होती. १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कातायामांचा समावेश झाला. जपानमधील अशाच सन्मानासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली.

२७.
२००२ मध्ये झेड '३५०झेड' या नावाने परतली. आणि २०१३ मध्ये 'डॅटसन' हा शब्दही परतला; पण अमेरिकेत नव्हे. तो आला भारत, इंडोनेशिया, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांत, सर्वांत स्वस्त गाडीची ओळख म्हणून. भारतातील 'गो' चेन्नईजवळच्या ओरगडम येथे बनू लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. १९६० मध्ये कातायामा ज्या गोष्टीशी भांडत होते, ती येथे वेगळ्या रूपात उभी होती : दूरच्या बाजारपेठेला काय पुरेल, हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवणे. एप्रिल २०२२ मध्ये भारतात डॅटसनचे उत्पादन थांबले.

२८.
१९ फेब्रुवारी २०१५ रोजी युताका कातायामांचे निधन झाले. वय १०५. त्यांच्या हयातीत ते नाव जन्मले, रुजले, पुसले गेले आणि दूरदेशी पुन्हा उजाडले. ते अखेरचे मावळले, ते पाहायला मात्र ते नव्हते.

२९.
आजही अमेरिकेत जुन्या झेडप्रेमींचे मेळावे भरतात. टेनेसीचा निवृत्त कामगार, कॅलिफोर्नियाची शिक्षिका, वडिलांची गाडी दुरुस्त करणारा विशीतला मुलगा अशी माणसे त्या लांब नाकाच्या गाडीभोवती जमतात. गाडीच्या अंगावर लिहिलेले असते ते 'डॅटसन'. पाट्या बदलण्याचा अधिकार कंपनीला असतो. परंतु लोकांच्या मनात नाव रुजवणारा माणूस कोणी वेगळाच असतो आणि तेथले नाव पुसण्याचा अधिकार कोणालाही नसतो. पुढच्या वेळी एखाद्या वाहनतळाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली 'गो' दिसली, तर तिच्या नाकावरचा शब्द क्षणभर थांबून वाचावा. तो शब्द तोट्यातून सूर्याकडे निघाला होता आणि वाटेत बराच प्रकाश देऊन गेला.

(धागा समाप्त)